तिच्या मापाच्या तीन काठ्या

फाल्गुन लागला की सिद्धेश्वर धरणाच्या आजूबाजूच्या गावांमधून हळद शिजायला लागते. रस्त्यानं जाताना आधी वास येतो आणि मग वाफेचा पांढरा लोट दिसतो. ओल्या मातीचा, उकडलेल्या कंदाचा, थोडासा औषधासारखा असा तो वास. अंगातल्या शर्टाला बसला की एका धुण्यात जात नाही. तिथून जवळच गोरेगावात माझं कपड्यांचं दुकान आहे. कुठल्या कापडात काय मुरतं आणि काय धुऊन निघतं, हे मला गिऱ्हाइकांना रोज सांगावं लागतं. या वासाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

परवा दुपारी मोंढ्याच्या बाजाराकडे निघालेला एक टेम्पो आमच्या दुकानासमोर थांबला. वर हळदीची पोती होती. ड्रायव्हर चहा प्यायला उतरला. गल्ल्यावर माझी बायको सुनंदा बसली होती, ती उठून आतल्या खोलीत गेली. मी थोड्या वेळानं आत डोकावलो. ती काहीच करत नव्हती. कपाटाच्या दाराला हात लावून नुसती उभी होती.

"यंदा जायचं का तुझ्या गावाला?" मी विचारलं. "हळद निघाली असंल."

"बघू," ती म्हणाली.

गेली दोन वर्षं ती "न्हाई" म्हणत होती. "बघू" हा शब्द पहिल्यांदाच आला होता.

सुनंदाचं माहेर धरणाच्या काठाला आहे. लग्न झाल्यापासून हळदीच्या दिवसांत आम्ही चार दिवस तिथं जायचोच. मी काही शेतातला माणूस नव्हे, पण शिजलेली हळद अंगणात पसरायला, वरखाली करायला माझे हात चालतात. आमची प्रांजल झाली तेव्हापासून तर तो आमचा सणच झाला होता. लहानपणी तिला त्या वाळणाऱ्या हळदीच्या कडेला बसवून ठेवायचो. संध्याकाळी उचलावी तर लेकराच्या मांड्या, तळवे, नाकाचा शेंडा, सगळं पिवळं. सुनंदा म्हणायची, "हिची हळद रोजच लागून राहिली."

मला जो फाल्गुन आठवतो, तो प्रांजल आठ वर्षांची असतानाचा.

त्याच्या दोन वर्षं आधी तिला घसा दुखून ताप आला होता. सांधे सुजले. ताप उतरला, सूजही उतरली, आम्ही विसरून गेलो. पुढे शाळेचा जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायला लागली, तेव्हा तपासण्या झाल्या. त्या तापानं जाता जाता तिच्या हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती. आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं आणि म्हणाले, "झडप बदलावी लागेल. पण आत्ता बदलली तर लहान मापाची बसवावी लागेल. मुलगी वाढत जाईल, झडप वाढणार नाही. मग पुन्हा छाती उघडावी लागेल. औषधांवर जेवढं थांबता येईल तेवढं थांबू. थोडी मोठी होऊ द्या तिला."

सुनंदाला ते नीट कळलं नाही. मला लगेच कळलं. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत मी दुकानात उभा राहून दुसरं काय सांगतो? ताई, वाढत्या मापाचं घ्या. लेकरू झपाट्यानं वाढतं. बाही दोन बोटं लांब असू द्या, खालची पट्टी आत दुमडून ठेवा, पुढच्या वर्षी उसवता येईल. डॉक्टर तेच सांगत होते. मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि आजही पटतं. त्यांनी जे केलं ते बरोबरच होतं.

तेव्हापासून आमच्या घरात एकच ध्यास होता, प्रांजलनं वाढावं. सुनंदा तिला दुधात खारीक उगाळून द्यायची. उंची बघायला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायची. पळणं बंद, दोरीवरच्या उड्या बंद, लंगडी बंद. शाळेत खेळाच्या तासाला ती मैदानाच्या कडेला बसून बाकीच्या पोरींच्या चपला सांभाळायची. तक्रार करायची नाही. घरी आल्यावर कोण जिंकलं, कोण पडलं, कुणी रडीचा डाव केला, ते सगळं बारकाव्यानिशी सांगायची. तिच्याकडून ऐकताना मला वाटायचं, खेळलेल्या पोरींनासुद्धा एवढं आठवत नसेल.

सुनंदाचा धाकटा भाऊ बालाजी पुण्यात गोल्फच्या मैदानावर कामाला आहे. गवत कापायचं यंत्र चालवतो. तपासणीला गेलो की आम्ही त्याच्याच खोलीवर उतरायचो. एकदा सकाळी तो प्रांजलला आणि मला मैदान दाखवायला घेऊन गेला. एवढं हिरवं मी माणसानं राखलेलं कधी बघितलं नव्हतं. एका बाजूला सात-आठ मुलं शिकत होती. चेंडू ठेवायचा, उभं राहायचं, काठी फिरवायची, मग चेंडू जिकडे गेला तिकडे चालत जायचं. प्रांजल कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून कितीतरी वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पप्पा, इथं कुणीच पळत नाही."

त्या दिवशी तपासणी झाल्यावर मी डॉक्टरांना भीत भीतच विचारलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "सपाट जागेवर, सावकाश. दम लागला की खाली बसायचं. जड काही उचलायचं नाही. एवढं पाळत असेल तर खेळू द्या."

सुनंदानं दवाखान्याच्या बाहेर येईपर्यंत दम धरला. मग म्हणाली, "हे मोठ्या लोकायचे खेळ. आपल्या लेकराला काहून ते?" पण तिचा आवाज नाही म्हणणारा नव्हता.

बालाजीला कळलं तेव्हा त्यानं रातोरात भाचीसाठी काठी तयार केली. कुणीतरी टाकून दिलेली मोठ्या माणसाची गोल्फची काठी घेतली, वरून दांडा कापला, आणि धरायला सायकलच्या हँडलचं रबर बसवलं. प्रांजलनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि काठीच तिला ओढून घेऊन गेली. खालचं लोखंड जड, ते आपल्या वजनानं फिरायचं आणि पोरगी त्याच्यामागे. तिसऱ्यांदा फिरवल्यावर ती खाली बसली. ओठांचा रंग बदलला होता. बालाजीनं काठी काढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मुलांना शिकवणाऱ्या एक बाई तिथं होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काठी हातात घेऊन बघितली. बालाजीला म्हणाल्या, "मेहनत केलीय तुम्ही. खूप आईबाप असंच करतात. पण दांडा कापला की तो ताठ होतो, आणि खालचं वजन मोठ्या माणसाचंच राहतं. मूल मग खेळत नाही, काठीच सांभाळत बसतं. हिला हलकीच पाहिजे. चला, बघू."

मैदानाला लागूनच खेळाच्या सामानाचं दुकान होतं. मी दुकानदार माणूस, दुसऱ्याच्या दुकानात शिरलं की आधी मांडणी बघतो. भिंतीला ओळीनं मोठ्यांच्या काठ्या लावलेल्या, आणि एका कोपऱ्यात, गुडघ्याएवढ्या उंचीच्या खोक्यात, लहान मुलांच्या. तो कोपरा बघितल्यावर सुनंदाचा चेहरा निवळला. आमच्या दुकानात झबली टोपडी असतात ना, त्या कप्प्यासमोर बाया जशा उभ्या राहतात, तशी ती उभी राहिली.

मॅडमनी प्रांजलला सँडल काढून सरळ उभं केलं. एक एक काठी तिच्या बाजूला जमिनीवर टेकवून बघितली. मुठी कुठं येतात, कंबर किती वाकते, बोटं दांड्याभोवती पुरतात की नाही. मग म्हणाल्या, "एका हातानं धरून समोर लांब कर. तशीच धरून ठेव." पहिल्या काठीला प्रांजलचं मनगट लगेच खाली आलं. दुसरीला जरा वेळानं. मी काठीकडे बघतच नव्हतो. माझं लक्ष तिच्या गळ्याच्या खळगीकडे होतं, तिथली शीर किती उडतेय तिकडे. तिसरी काठी तिनं धरली आणि मनगट सरळ राहिलं. श्वासही सरळ राहिला.

"हीच," मॅडम म्हणाल्या.

सुनंदानं मला कोपरानं ढोसलं, पण मी बोलेना म्हणून स्वतःच म्हणाली, "मॅडम, याच्यापेक्षा थोडी मोठी घेतली तर? दोन-तीन वर्षं तरी जाईल. पोरगी आता वाढायचीच हाय."

"फ्रॉक मोठा घेतला तर बाही दुमडता येते हो," मॅडम म्हणाल्या. "काठी कशी दुमडणार? मोठी दिली की मूल वाकडं उभं राहतं, आणि मग तेच अंगवळणी पडतं. आज आहे तेवढीच द्या."

सुनंदा तरी हातातली मोठी काठी खाली ठेवेना. तेव्हा प्रांजल तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आई, मला आत्ताचं पाहिजे."

तिच्या अंगावर त्या वेळी माझ्याच दुकानातला फ्रॉक होता. खांदे उतरलेले, घेर पोटऱ्यांपर्यंत. बाजूला काढून ठेवलेली सँडलही मोठीच, आत मोजे कोंबून पायाला बसवलेली. आठ वर्षांत आम्ही तिला तिच्या अंगाबरोबरचं असं काही घेतलंच नव्हतं.

मॅडमनी तीनच काठ्या काढल्या. एक लांब मारायची, एक जवळून चेंडू उचलायची, आणि एक हळूच ढकलून खड्ड्यात घालायची. "सुरुवातीला एवढ्या पुष्कळ झाल्या. पूर्ण संच घेतला तर कुठली वापरू यातच लेकरं गोंधळतात." चेंडू मऊ घेतले. पिशवी सुनंदानं निवडली. प्रत्येक पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून बघितली आणि सगळ्यात हलकी होती ती घेतली, जरी पिशवी पुढे सुनंदा स्वतःच वाहणार होती. हातमोजा मात्र मी घेतला. डाव्या हाताचा, या खेळात तेवढाच एक लागतो, पातळ चामड्याचा. दोन मापं होती. माझा हात सवयीनं मोठ्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला. लहान मोजा तिच्या हातात चढवला, मनगटाशी पट्टी दाबली. तिनं मूठ उघडली, मिटली. कुठे सुरकुती नाही, कुठे ढिलं नाही. तिचा हात एवढा लहान आहे हे मला तेव्हा कळलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "वर्षभरात या हिला लहान होतील. तेव्हा घेऊन या, मोठ्या बघू."

सुनंदा दिवसभर ते वाक्य घोळवत होती. बसमध्ये म्हणाली, "त्या म्हणाल्या ना, वर्षभरात लहान होतील." डॉक्टरांनी वर्षाचं नाव कधी घेतलं नव्हतं.

त्यानंतर लगेच फाल्गुन आला आणि आम्ही हळदीला गेलो. बालाजी रजा काढून आला होता. फाल्गुनात धरणाचं पाणी मागं सरकतं आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर कोवळं गवत येतं. तिकडे लांबून मेंढ्यांचे कळप येतात. मेंढ्या ते गवत अशी बारीक कुरतडतात की बालाजी बघून म्हणाला, "दाजी, आमच्या मशिनीला जमत न्हाई असं." त्यानं खुरप्यानं एक खड्डा केला, त्यात रिकामा डबा बसवला आणि बाजूला काडी रोवून तिला दुकानातली लाल चिंधी बांधली. झालं मैदान.

किसनबाबा नावाचा एक म्हातारा मेंढपाळ तिथं उतरला होता. तो पाणी मागं सरकलं की येतो आणि पावसाबरोबर जातो, त्याचं गाव कुठलं ते मला नीट माहीत नाही. पहिल्या दिवशी तो काठीवर हनुवटी टेकवून बघत राहिला. मग म्हणाला, "काय करून राहिली गं पोरी?"

"खेळून राहिले, बाबा."

"ह्यो कसला खेळ? मारती, अन् तिकडंच चालत जाती."

"हाच खेळ आहे."

"मंग आमी जलमभर ह्योच खेळून राहिलो म्हनायचं," किसनबाबा म्हणाला, आणि प्रांजल इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

त्या दिवसांचं मला सलग काही आठवत नाही. उन्हं कलली की तिकडे जायचो एवढं आठवतं. मऊ चेंडूचा आवाज आठवतो, आंब्याची कैरी मातीत पडावी तसा. पुढे प्रांजल, हातात काठी, डाव्या हातात तो मोजा. मागे खांद्याला पिशवी लावलेली, डोक्यावर पदर घेतलेली सुनंदा. गावातल्या बाया बांधावर उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसायच्या आणि सुनंदालाही हसू यायचं. एकदा चेंडू थेट अंगणात वाळत घातलेल्या हळदीत जाऊन पडला आणि सापडेपर्यंत पिवळा झाला. तिनं तो पुसू दिला नाही. म्हणाली, आता गवतात लवकर दिसेल.

चालता चालता ती दमायची. तिच्या वरच्या ओठावर घाम यायचा, जांभळी झाक यायची. मी म्हणायचो, बसू. ती म्हणायची, "बसू की. चेंडू आपली वाट बघतो, पप्पा. तो कुठं जात नाही." आम्ही गवतावर बसायचो. मेंढ्या आमच्या भोवतीनं चरत पुढे जायच्या, त्यांच्या दातांचा कुरकुर आवाज यायचा. पलीकडे पाण्यावर मासे धरणाऱ्यांच्या होड्या. कुणाला घाई नसायची. मला वाटतं, माझ्या आयुष्यात घाई नसलेले तेवढेच दिवस होते.

त्याच वर्षी पोळा झाला आणि तिला ताप आला. साधा ताप होता. दुसऱ्या दिवशी श्वास लागला. नांदेडला नेलं. तिथल्या लोकांनी जे करता येईल ते सगळं केलं, पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून केलं. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करू, असं तोवर ठरत आलं होतं, तिचं वजनही थोडं वाढलं होतं. पहाटे ती गेली. सुनंदानं तिचे दोन्ही तळवे आपल्या हातात धरले होते. मी शेजारी उभा होतो.

पुढच्या जूनमध्ये दुकानात गर्दी झाली. एक बाई पोरीला घेऊन आली, गणवेश पाहिजे होता. मी माप घेतलं आणि माझ्या तोंडून रोजचं वाक्य निघेना. ती बाईच म्हणाली, "भाऊ, वाढत्या मापाचा द्या." मी दिला. तिचं बरोबरच होतं. लेकरं वाढतात. तिचीही वाढेल, आणि पुढच्या वर्षी खालची पट्टी उसवावी लागेल.

प्रांजलचे कपडे सुनंदानं हळूहळू देऊन टाकले. सगळे मोठेच होते, कुणाकुणाच्या पोरींना पुढे कितीतरी दिवस पुरले. त्या तीन काठ्या तेवढ्या आतल्या खोलीतल्या कपाटात राहिल्या. बालाजीनं एकदा फोनवर विचारलं, मॅडमच्या वर्गात कुणा मुलीला लागत असतील तर देऊ का. सुनंदा म्हणाली, "राहू दे." वर्ष होऊन गेलं, आणखी एक गेलं. त्या काठ्या तिला लहान झाल्या नाहीत. मला कधी कधी वाटतं, बरं झालं आम्ही त्या दिवशी मोठ्या घेतल्या नाहीत. एक तरी वस्तू तिला नीट बसली. असं वाटतं, आणि त्यानं बरं मात्र वाटत नाही.

सुनंदा प्रांजलबद्दल बोलायची नाही. माझ्याशी नाही, स्वतःच्या आईशी नाही, बालाजीशीही नाही. रडणं माझ्यासमोर झालं, पण बोलणं नाही. कुणी विषय काढला की उठून जायची. मी काढला तरी. मग मीही काढायचं सोडलं. एका घरात दोघं जण, आणि तिचं नाव दोघांनीही घ्यायचं नाही, असं आमचं चाललं होतं.

"बघू" म्हणाल्यावर आठवड्याभरानं आम्ही गेलो. माहेरी हळद अंगणात पसरलेली होती. सुनंदानं आल्या आल्या पदर खोचला आणि कामाला लागली. दुपारनंतर हात धुतले आणि मला म्हणाली, "चला."

आम्ही धरणाकडे गेलो. गेल्या पावसाळ्यात पाणी पुष्कळ आलं होतं, ते यंदा मागं सरकलंच नाही. जिथं डबा बसवला होता, जिथं आम्ही बसायचो, ती सगळी जागा पाण्याखाली होती. वरच्या अंगाला, बांध आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यावर, किसनबाबाच्या मेंढ्या चरत होत्या. त्यानं आम्हाला लांबूनच ओळखलं.

"आले का जावईबापू," तो म्हणाला. "लई दिसानं. अन् पोरगी काहून न्हाई आणली?"

परगावचा माणूस, त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं, काय बोलावं ते जुळवायला लागलो. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "प्रांजू गेली, बाबा."

किसनबाबानं हातातली काठी आडवी ठेवली आणि होता तिथंच खाली बसला. सुनंदाही त्याच्यासमोर बसली. "तिचं काळीज अधू होतं," ती म्हणाली. "तुमाला ठाव नसंल, ती मधी मधी बसायची ते त्याच्यानं."

"मले वाटायचं मेंढ्या बघाया बसती," किसनबाबा म्हणाला. "सांग बाई. कसं झालं?"

आणि सुनंदा सांगायला लागली. ताप कधी आला, अंगावर कुठलं पांघरूण होतं, गाडीत बसल्यावर प्रांजू काय म्हणाली. प्रांजू म्हणाली होती की, आई, खिडकी उघड. हे मला माहीत नव्हतं. मी पुढे ड्रायव्हरजवळ बसलो होतो.

मी उभा राहून ऐकत होतो. तेव्हा दिसलं की कळपातल्या पुढच्या मेंढ्या बांध चढून कुणाच्या तरी गव्हाकडे निघाल्यात. किसनबाबाची पाठ तिकडे होती. सांगितलं असतं तर तो उठला असता, आणि सुनंदाचं बोलणं तुटलं असतं. मी एकटाच तिकडे गेलो. मेंढ्या वळवायच्या कशा हे मला माहीत नाही, त्यांना हाक मारायचा आवाज माझ्या गळ्यातून येत नाही. मी हात पसरून आडवा उभा राहिलो. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं, आणि बाजूनं जायला लागल्या. मी पुन्हा आडवा गेलो. धोतरवाल्या माणसाला जे दोन पावलांत जमतं, त्यासाठी मी पँट चिखलात भरवून बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिलो.

मागून सुनंदाचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता. मध्येच किसनबाबाचा "व्हय, व्हय" ऐकू यायचा. एकदा ती रडली, आणि पुन्हा बोलायला लागली. ऊन पाण्यावर आडवं झालं. मेंढ्या दमून बांधाखाली गोळा झाल्या. मी त्यांच्यासमोर हात पसरून तसाच उभा राहिलो.